रकान्यातला ताप

आमच्या तात्यांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक शेवळांचं आणि दुसरं संसदेतल्या प्रश्नोत्तराच्या तासाचं. शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतात. भिवंडीच्या मंडईबाहेर आदिवासी बाया पाटीत जुड्या मांडून बसतात, शेजारी काकडांचा ढीग असतो. काकडं नुसती शोभेला नसतात हो, त्यांचा आंबट रस घातल्याशिवाय शेवळं शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की दोन दिवस माणूस खाकरत बसतो. काकू त्यात सोडे घालायची. सोबत तांदळाची भाकरी. तात्या एरवी मोजून खाणारे, पण शेवळांच्या दिवशी ताट चाटूनपुसून लख्ख करायचे.

अधिवेशन चालू असलं की मात्र शेवळंसुद्धा थांबायची. अकरा ते बारा लोकसभा, बारा ते एक राज्यसभा, मग जेवण. काकू ताट वाढून हाक मारी, आणि आतून ओरड येई, "पूरक प्रश्न चाललाय!" टीव्ही नव्हता तेव्हा रात्री रेडिओवर 'संसद समीक्षा' ऐकायचे. ते हिंदी त्यांना कितपत कळायचं देव जाणे, पण कारखान्यात राहून त्यांची हिंदी भिवंडीची झाली होती, आणि भिवंडीच्या हिंदीत सगळंच कळतं.

तात्या म्हणजे माझे धाकटे काका, पॉवरलूमच्या कारखान्यात मेहताजी. तागे किती उतरले, सूत किती आलं, कोणाची उचल किती, हे लिहिण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे मंत्र्याचं उत्तर ते बिल तपासल्यासारखं ऐकत. कोण जोरात बोललं, कोणी शेर म्हटला, याचं त्यांना काही नव्हतं. "इचारलं काय, आन् सांगितलं काय, तेवढं बघ," म्हणायचे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर पूरक प्रश्न झेलावे लागतात, अतारांकिताचं उत्तर नुसतं कागदावर येतं, हा फरक त्यांनी मला मी शाळेत असताना शिकवला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता की नाही आठवत नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, याचं घरात एक उत्तर होतं: पाटलाकडून. पाटील म्हणजे माझे पणजोबा, मी त्यांना पाहिलं नाही. वऱ्हाळ तलावाच्या अलीकडे आमचं गाव. आता ते गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते सांगता येणार नाही, पण तेव्हा मध्ये भातखाचरं होती. पणजोबा गावचे पोलीस पाटील. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद ठेवणं त्यांचं काम. गाव नमुना नंबर चौदा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला अख्खा महाराष्ट्र ज्या जुन्या मोडी वह्यांवर तुटून पडला, त्यातलीच ही एक जात. ती वही तात्यांनी लहानपणी घरात पाहिली होती म्हणे. की तालुक्याला नेताना पाहिली होती? दोन्ही ऐकल्यासारखं वाटतं.

प्लेगची गोष्ट मला तिसऱ्या तोंडून आलेली. बयच्या सासूने बयला सांगितली, बयने आम्हाला. बय म्हणजे माझी आजी, आमच्या आगरी घरात आजीला बयच म्हणायचे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांना पहिला रोगी सापडला आणि मुंबई रिकामी व्हायला लागली. कल्याण स्टेशनावर गाडी थांबवून उतारूंना तपासायचे. काखेत हात घालून गाठ बघायचे, बायामाणसांच्यासुद्धा, आणि त्या भीतीने आमची माणसं म्हणे खाडीच्या वाटेने होडीतून ये-जा करायची. गावात उंदीर मरून पडायला लागले तसं सगळं गाव उठून शेतात झोपड्या घालून राहिलं. बयची सासू तिथं बाळंत झाली, ते मूल जगलं नाही. ही गोष्ट सांगताना बय नेहमी तांदूळ निवडत असायची. निदान मला ती तशीच आठवते.

पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत शिरले, ते सगळ्यांनी वाचलंय. घरात त्याला जोडून एक कथा सांगायचे, की टिळकांनी विलायतेच्या पार्लमेंटात सरकारला सवाल टाकला आणि मग टिळकांनाच माफी मागायला लावली. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, ती गोष्ट गोखल्यांची. टिळक त्या वेळी मुंबईच्या कायदेमंडळात होते, १८९५ पासून. तिथं सभासदांना प्रश्न विचारायची मुभाच मुळी १८९२ च्या कायद्याने मिळालेली, आणि पूरक प्रश्नाची तर १९०९ पर्यंत नव्हती. गोखले १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्षीला इंग्लंडात गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यावरून त्यांनी तिथं सोल्जरांच्या वागणुकीबद्दल जाहीर आरोप केले. गोष्ट पार्लमेंटापर्यंत गेली. सरकारने इकडे विचारणा केली, इकडून उत्तर गेलं की असलं काही घडलेलं नाही. गोखले परत आले तर पत्रं लिहिणाऱ्यांपैकी उघड पुढे येऊन नाव सांगायला कोणी तयार नाही. गोखल्यांनी माफी मागितली. तात्यांना हे सगळं मी वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "म्हंजे खालून कोन बोल्लाच नाय," एवढंच म्हणाले.

मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मात्र बयने स्वतः पाहिली होती. १९१८ चं साल. "माझा लगीन झाला व्हता त्याच वरसी," ती सांगायची. तेरा-चौदा वर्षांची असेल. जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून ताप आला, पावसाळ्यात थोडा ओसरल्यासारखा झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात असा उलटला की मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली. त्यात त्या साली पाऊसही दगा देऊन गेलेला. भात अर्धं पोचट. म्हाताऱ्यांपेक्षा जवान माणसं जास्त मरत होती, तीही दोन-तीन दिवसांत. बयची मोठी जाऊ गेली, गाभण गाय तशीच दावणीला ओरडत होती, कोणाला पाणी दाखवायचं सुचलं नाही. बय घरात सगळ्यात लहान म्हणून पेज तीच शिजवायची. तांदळाच्या कण्या, मीठ, वर भाजलेला जवळा कुस्करून. मडकं घेऊन दारोदार जायची आणि उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. सकाळी मडकं रिकामं दिसलं की घरात कोणीतरी उठलं असं समजायचं. भरलेलं असलं की सासऱ्याला सांगायचं.

सासरा, म्हणजे पाटील, वही काढायचा. त्या काळी मरणाच्या कारणांचे रकाने ठरलेले असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, जखमा, आणि बाकीचं. मानमोडीला रकाना नव्हता. पाटील काही डॉक्टर नव्हे. अंग तापलं होतं, माणूस गेलं. ताप. देशभर असंच झालं, गावोगावचे पाटील आणि चौकीदार मानमोडीची मरणं तापाच्या रकान्यात टाकत गेले. नेमकी किती माणसं मेली याचा अंदाज लावायला मग शिरगणती यावी लागली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आमच्या पाटलाने खोटं काही लिहिलं नाही. सूनसुद्धा त्याने तापातच लिहिली.

आता दोन हजार वीस. मार्चमध्ये महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झाला. कुठला? १८९७ चाच, प्लेगसाठी केलेला. तात्यांनी पेपरात ते साल वाचलं आणि मला फोन करून दोनदा वाचून दाखवलं. मग माग बंद पडले. भिवंडीबाहेरच्या माणसाला याचा अर्थ सांगणं कठीण आहे. मागांचा खडखडाट आमच्या कानाला इतका सरावलेला, की तो थांबल्यावर पहिले काही दिवस झोप लागेना. कामगार भिशीवर जेवायचे, म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणाऱ्या खानावळीत. पद्मानगरच्या तेलुगू बायका, शांतीनगरकडच्या उत्तरेतल्या, किती जणी या भिशा चालवतात. मालक उचल देईना, भिशीवालीला किराणा उधार मिळेना, खोलीत दहा-बारा माणसं. मग नाशिकचा हायवे माणसांनी भरला. पडघ्याच्या पुढे, कसाऱ्याच्या घाटात, डोक्यावर बोचकी, पोरं खांद्यावर. आमच्या आळीतल्या पोरांनी नाक्यावर खिचडीची पातेली मांडली. काकूने घरातला सगळा गूळ काढून दिला, का तर उन्हात चालणाऱ्याला गूळ-पाणी लागतं. २ मेच्या मध्यरात्री भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. एरवी त्या स्टेशनाकडे ढुंकून कोणी बघत नाही. हजारावर माणसं गेली त्यातून. शांतीनगरच्या मक्का मशिदीत पुढे ऑक्सिजनच्या खाटा पडल्या, फुकट, जातधर्म न विचारता. भिवंडीचं नाव पेपरात दंगलीशिवाय आलं, याचं तात्यांना फार अप्रूप.

सप्टेंबरात अधिवेशन लागलं आणि तात्यांचा हिरमोड झाला. प्रश्नोत्तराचा तासच नाही. साथीमुळे वगळला. खासदार दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत पांगून बसलेले, मध्ये प्लास्टिकचे पडदे, बसून बोलायची मुभा, पण तोंडी प्रश्न नाही. फक्त लेखी. याआधी असं बासष्टच्या चीन युद्धात आणि आणीबाणीत झालं होतं, हे तात्यांना पाठ. दिल्लीला नावं ठेवावीत तर इकडे मुंबईत आपल्या विधिमंडळाचं अधिवेशन अवघं दोन दिवसांचं, तिथंही तो तास नाही. तिकडे एका पक्षाचं सरकार, इकडे त्याच्या विरोधकांचं. या एका बाबतीत दोघांचं छान जमलं.

१४ सप्टेंबरला पहिल्याच दिवशी कामगारमंत्री संतोष गंगवार यांचं लोकसभेत लेखी उत्तर आलं. टाळेबंदीत घरी निघालेले किती मजूर मेले? अशी माहिती ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. तात्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "रकाना नाय," म्हणाले. काही दिवसांनी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी राज्यसभेत सांगितलं की श्रमिक गाड्यांमध्ये ९७ माणसं मेली. रेल्वेकडे आकडा होता, कारण गाडीत माणूस मेलं की रेल्वे पोलिसांना कागद करावा लागतो. हायवेवर मेलेल्याचा कागद कोण करणार?

पुढच्या वर्षीचा एप्रिल मला लिहायचा नव्हता. काकूला आधी चव गेली. चवीवर जगलेली बाई ती. सुकटीचा पितळी डबा उघडून नाकाशी नेला आणि म्हणाली, "याला वास कसा नाय?" चौथ्या दिवशी धाप. एका खासगी दवाखान्यात खाट मिळाली, पण सिलिंडर तुमचा तुम्ही आणा. माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त, त्यातले दोघे मोमीनपुऱ्यातले, गाडीत सिलिंडर टाकून कुठं कुठं फिरले. रांगेत रात्र काढली. सकाळी ते परत पोचले तेव्हा काकू नव्हती. हातात आलेल्या कागदावर लिहिलं होतं: हृदय व श्वसनक्रिया बंद पडून. तेही खोटं नव्हे. पालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर तर कारण छापलेलंच नसतं. तात्यांनी दोन्ही कागद घडी घालून हिशेबाच्या जुन्या वहीत ठेवले.

७ जुलैला केंद्रात नवे मंत्री झाले. आमचे खासदार, दिवे-अंजूरचे कपिल पाटील, पंचायत राज राज्यमंत्री झाले. भिवंडीत फटाके वाजले, ढोल वाजले, आगरी माणूस दिल्लीत मंत्री म्हणून गावोगाव पेढे वाटले, आणि तात्यांनी काकू गेल्यानंतर पहिल्यांदा तोंड गोड केलं. त्याच दिवशी आमच्याच हायवेच्या वरच्या टोकाच्या, दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार आरोग्य राज्यमंत्री झाल्या. १९ जुलैला अधिवेशन सुरू झालं, प्रश्नोत्तराचा तास परत आला होता. पण गोंधळात पंतप्रधानांना नव्या मंत्र्यांची ओळखसुद्धा करून देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. तात्यांचा उपास. तिकडे मुख्यमंत्री स्वतः गाडी चालवत पंढरपूरला पूजेला गेलेले, वारी एसटीत बसलेली, आणि आमच्याकडे बकरी ईद दुसऱ्या दिवसावर आलेली. राज्यसभेत कोविडवर चर्चा होती. राजदचे मनोज झा गंगेत वाहून गेलेल्यांची माफी मागत बोलले, तेव्हा तात्यांनी वऱ्याच्या तांदळाची ताटली खाली ठेवली. आरोग्यमंत्री मनसुख मांडविया उत्तराला उठले. मृत्यूची नोंद राज्यं करतात, राज्यांनी कळवलेले आकडे केंद्र एकत्र करून छापतं, आकडे कमी दाखवा असं आम्ही कोणाला सांगितलेलं नाही, असा त्यांचा रोख. आणि त्याच दिवशी भारती पवारांचं लेखी उत्तर आलं. प्रश्न काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांचा होता: दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने माणसं मेली, हे खरं का? उत्तरात दोन आकडे होते. ऑक्सिजनची मागणी पहिल्या लाटेत जास्तीत जास्त ३,०९५ टन होती, दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या घरात गेली. आणि मग ते वाक्य: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषकरून कळवलेलं नाही.

गदारोळ झाला. एप्रिलच्या २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून पुरवठा तुटला, त्या दिवशी २२ रोगी गेले. मे महिन्यात गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पहाटेच्या वेळी एकामागोमाग एक माणसं जात होती आणि प्रकरण हायकोर्टात होतं. मंत्रीणबाई तर नाशिककडच्याच. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पण दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपेही म्हणाले की राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू नाही. पक्ष दुसरा, उत्तर तेच.

मला राग आला होता, भाऊबंदांच्या ग्रुपवर तावातावाने लिहीत होतो. तात्या शांत. त्यांनी मला उत्तर पुन्हा वाचायला लावलं. "आमचा पाटील असाच लिवला असता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पन वहीत बघून सांगनारा तेवढ्यावर थांबला तर चालल. मंत्र्यानी इचारायचा ना, वहीत का नाय म्हनून." मला अजून वाटतं त्यांचं हेच खरं. बाईंनी कागदात होतं ते सांगितलं, त्यात लबाडी शोधत बसण्यात अर्थ नाही. पण सभागृहात विरोधक विचारतात ते कागदात काय आहे हे कळायला नव्हे. लेखी उत्तराला पूरक प्रश्न नसतो, आणि तिथंच गाडी अडली.

तसं पुढे केंद्राने राज्यांना पत्र पाठवून विचारलंही. डिसेंबरात मांडवियांनी लोकसभेत सांगितलं की १९ राज्यांची उत्तरं आली, त्यांत फक्त पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले. तात्यांनी ते ऐकलं का, की तोवर त्यांना ऐकायला कमी यायला लागलं होतं, हे आता सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. वयाने गेले, झोपेत. त्या वर्षी शेवळं घरात आणली होती, पण काकडं किती घालायची ते कोणालाच धड माहीत नव्हतं. सगळ्यांनी खाकरत खाकरत खाल्ली.

२०२३ च्या नोव्हेंबरात, कुणबी नोंदींची झुंबड चालू असताना, आमच्या पाटलाची वही कुठं सापडते का बघायला मी एका कचेरीत गेलो. बाकड्यावर मोडी वाचणारा एक पोरगा बसला होता, भोवती पन्नास माणसं. माझा नंबर आला तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "कुणबी बघायचंय?"

म्हटलं, "नाही. १९१८ चा ताप बघायचाय."

"मग दिवाळीनंतर या, काका."